सायनस लिफ्टमध्ये हाड येतं कुठून: एका रुग्णाचं संपूर्ण प्रकरण

वरच्या जबड्याच्या मागच्या भागातली दाढ काढून बरीच वर्षं झाली असतील, तर इम्प्लांटसाठी, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दातमुळासाठी, हाड पुरत नाही. ही आम्हा दंतशल्यचिकित्सकांची रोजची अडचण आहे. त्यावर सायनस लिफ्ट, म्हणजे जबड्याच्या वरच्या हवेच्या पोकळीचं (सायनसचं) अस्तर उचलून त्याखाली हाडासाठी जागा करणं, हा उपाय आता सर्रास केला जातो. तरीही एक समज रुग्णांमध्ये आणि काही सहकाऱ्यांमध्येही घट्ट बसला आहे, की डॉक्टर हाडाची पावडर भरतात आणि त्या पावडरचंच हाड होतं. तसं होत नाही. भरलेली पावडर फक्त जागा राखते. हाड तयार करतं ते रुग्णाचं स्वतःचं शरीर, आणि तेही सायनसच्या भिंतींपासून सुरू करून हळूहळू आतल्या बाजूला. हे नीट ध्यानात घेतलं, की शस्त्रक्रियेतले कितीतरी निर्णय बदलतात. या रुग्णाच्या बाबतीत ते कसे बदलले, हे सविस्तर मांडते. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

रुग्ण आणि तपासणी

बाई ५४ वर्षांच्या. वरच्या उजव्या बाजूची दुसरी उपदाढ आणि पहिली दाढ सुमारे नऊ वर्षांपूर्वी काढलेली. पुढची पहिली उपदाढ आणि मागची दुसरी दाढ शाबूत. इतकी वर्षं त्या डाव्या बाजूनेच चावत होत्या. काढता-घालता येणारी कवळी त्यांनी करून घेतली होती, पण बोलताना ती हलायची म्हणून वापरायचं सोडून दिलं. शेजारच्या दातांवर टेकणारा पक्का ब्रिज करायचा तर दोन चांगले दात घासावे लागणार होते, आणि मधल्या दोन दातांचा भार आयुष्यभर त्या दोघांनी पेलायचा होता. त्यांना ते नको होतं. माझंही मत तेच होतं.

मधुमेह होता, पण आटोक्यात, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) ६.८. तंबाखू किंवा सिगारेट नाही. हाडांच्या ठिसूळपणासाठी बिस्फॉस्फोनेट किंवा डेनोसुमॅब कधी घेतलेलं नाही. हा प्रश्न या वयाच्या रुग्णांना 'गोळी घेता का' एवढ्यावर न सोडता इंजेक्शनचा उल्लेख करून विचारावा, कारण वर्षातून एकदा घेतलेलं इंजेक्शन अनेकांना औषध म्हणून आठवतच नाही. निघता निघता बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली: सकाळी उठल्यावर शिंका सुरू होतात, नाक चोंदतं. माझ्या दृष्टीने त्या दिवसाच्या सगळ्या माहितीत हीच सर्वांत महत्त्वाची होती.

सीबीसीटी, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय क्ष-किरण स्कॅनमध्ये चित्र स्पष्ट झालं. मॅक्सिलरी सायनस म्हणजे गालाच्या मागे, वरच्या दाढांच्या डोक्यावर असलेली हवेची पोकळी. प्रौढ माणसात तिचं आकारमान सरासरी १२ ते १५ मिलिलिटर असतं. दाढ गेली की दोन गोष्टी एकदम घडतात: खालून जबड्याचं हाड झिजतं आणि वरून सायनसचा तळ खाली उतरतो. मध्ये उरतो तो हाडाचा पातळ पट्टा. या रुग्णात उपदाढेच्या जागी त्याची उंची ७ मिमी होती, दाढेच्या जागी मात्र जेमतेम ३ मिमी. रुंदी चांगली होती, ८ मिमी.

आणखी तीन गोष्टी दिसल्या. दोन्ही जागांच्या मधोमध सायनसच्या तळातून ४ मिमी उंचीचा हाडाचा आडवा पडदा वर आला होता. अशा पडद्यांचं वर्णन आर्थर अंडरवूड यांनी १९१० सालीच केलं आहे आणि ते दुर्मीळ नाहीत. पण सायनसचं अस्तर उचलताना फाटण्याची शक्यता त्यांच्या धारेवरच सर्वाधिक असते. दुसरी गोष्ट म्हणजे बाहेरच्या भिंतीतली धमनी. ती हिरडीकडच्या हाडाच्या कडेपासून साधारण १७ मिमी वर होती, म्हणजे अस्तरापर्यंत पोचण्यासाठी त्या भिंतीत कराव्या लागणाऱ्या खिडकीच्या वर राहणार होती. तिसरी गोष्ट अस्तराची सूज. निरोगी अस्तर एक मिलिमीटरही जाड नसतं, इथे ते २ ते ३ मिमी भरत होतं.

शिंका आणि ही सूज एकत्र पाहिल्यावर मी शस्त्रक्रियेची तारीख दिली नाही. सायनसमधला स्राव बाहेर पडण्याचं छिद्र तळाशी नसून आतल्या भिंतीवर बरंच उंच असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस तो स्राव गुरुत्वाकर्षणाच्या विरुद्ध वर ढकलत नेतात. शस्त्रक्रियेनंतर अस्तर काही दिवस आणखी सुजतंच. ते छिद्र आधीच अरुंद असेल तर बंद पडतं, स्राव साचतो आणि ग्राफ्टला, म्हणजे भरलेल्या हाडाच्या दाण्यांना, संसर्ग होतो. नाक-कान-घसा तज्ज्ञांनी ॲलर्जीवर नाकातला स्टेरॉइड स्प्रे सुरू केला आणि काही आठवड्यांनी दुर्बिणीने पाहून मार्ग मोकळा असल्याचं कळवलं. मगच पुढची पायरी. माझ्या मते नाकाची तक्रार असलेल्या कुठल्याही रुग्णात ही पायरी गाळू नये, मग स्कॅन कितीही बरा दिसो.

आराखडा

या शस्त्रक्रियेचा इतिहास फार जुना नाही. हिल्ट टेटम यांनी १९७० च्या दशकात ती करायला सुरुवात केली. बॉइन आणि जेम्स यांनी १९८० मध्ये पहिला शोधनिबंध छापला. त्यात कमरेच्या हाडातली मज्जा वापरली होती. १९९४ मध्ये समर्स यांनी खालूनच, इम्प्लांटच्या भोकातून, ऑस्टिओटोम नावाच्या दांड्यासारख्या अवजाराने ठोकत अस्तर वर ढकलण्याची पद्धत मांडली. ७ मिमी हाड असलेल्या उपदाढेच्या जागी समर्स यांची पद्धत चालली असती. ३ मिमीच्या जागी नाही. एवढ्या हाडात सहा मिमीचा आखूड इम्प्लांटही बसत नाही. म्हणून बाहेरच्या भिंतीतून खिडकी करून अस्तर उचलायचं ठरलं.

"डॉक्टर, दोन्ही एकदमच बसवून टाका ना," बाई म्हणाल्या. "परत परत कापायला नको." मागणी रास्त होती. मी त्यांना सांगितलं, की उपदाढेचा इम्प्लांट ७ मिमी हाडात घट्ट बसेल, तो त्याच दिवशी घालू. दाढेचा मात्र सहा-सात महिन्यांनी. ३ मिमी हाडातही त्याच दिवशी इम्प्लांट घालणारे कुशल सहकारी आहेत आणि त्यांना यशही येतं. पण वरच्या जबड्याचं मागचं हाड मुळात विरळ, त्यात उंची एवढी कमी. इम्प्लांट जरासा हलला तरी त्याच्याभोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होतात. तो धोका मला पत्करायचा नव्हता.

संमतीपत्राच्या वेळी ग्राफ्टचा उगम त्यांना सांगितला. गाईच्या हाडातली सगळी प्रथिनं काढून उरलेला खनिज सांगाडा सर्वाधिक वापरला जातो. प्राण्याचं काही नको असेल तर कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम पर्याय आहेत. हे बहुतेक जण सांगतात. पण वरून ठेवायचा कोलॅजनचा पापुद्राही डुकराच्या किंवा गाईच्या ऊतींपासूनच बनतो, हे सांगायचं अनेकदा राहून जातं. रुग्णाला दोन्ही कळलं पाहिजे. बाईंनी दोन्हीला होकार दिला.

शस्त्रक्रिया

स्थानिक भूल दिली. हाडाच्या माथ्यावर, किंचित टाळूच्या बाजूला सरकवून छेद घेतला, जेणेकरून टाक्यांची रेघ खिडकीवर येऊ नये. हिरडी उचलल्यावर हाडाची भिंत दिसली. पिएझोच्या टोकाने लंबगोल खिडकी आखत गेले. हे उपकरण अल्ट्रासोनिक कंपनांनी हाड कापतं, मऊ ऊतींना सहसा इजा करत नाही. हाड पातळ होत गेलं तसा पांढरा रंग जाऊन निळसर करडी झाक दिसू लागली. ती झाक म्हणजे खालचं अस्तर. तिथे हात थांबवायचा.

अस्तर उचलणं हा या शस्त्रक्रियेचा खरा कस. अंड्याच्या कवचाआतला पापुद्रा सोडवावा तसं ते हाडापासून सुटं करायचं असतं. अवजाराचं टोक सतत हाडाला टेकलेलं हवं, अस्तराकडे कधीच वळता कामा नये. आधी खिडकीच्या कडेने चहूबाजूंनी, मग तळावर, आणि शेवटी आतल्या, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवर. ही शेवटची पायरी अनेकदा अर्धवट सोडली जाते, कारण अस्तर समोरून पुरेसं वर गेलेलं दिसतं आणि काम झालं असं वाटतं. पण आतली भिंत उघडी झाली नाही, तर ग्राफ्टला त्या बाजूने रक्तपुरवठा मिळत नाही. नवं हाड जिथून यायचं त्यातलं एक मोठं दार बंद राहतं. इथे दोन भिंतींमधलं अंतर १४ मिमीच्या आसपास होतं, म्हणजे सायनस रुंदच. अशा रुंद सायनसमध्ये आतली भिंत सोडणं परवडत नाही.

मागच्या बाजूचं अस्तर सुरेख उचललं गेलं. श्वासाबरोबर ते खालीवर होताना दिसत होतं. पुढे हाडाच्या पडद्यापाशी मात्र त्याच्या धारेवर ४ मिमीची फट पडली. खारं पाणी घातल्यावर बुडबुडे आले, तेव्हा खात्री झाली. अस्तर फाटणं ही या शस्त्रक्रियेतली सर्वांत सामान्य गुंतागुंत आहे. साधारण पाचातल्या एका रुग्णात ती होते, असं मोठ्या आढाव्यांमधून दिसतं, आणि हाडाचा पडदा असेल तर शक्यता आणखी वाढते.

फट दिसली की तिथेच दुरुस्तीला हात घालायचा मोह होतो. त्याने ती मोठी होते. योग्य क्रम उलटा आहे: फटीपासून लांबून, सगळीकडून अस्तर आणखी सैल करत यायचं. ताण गेला की अस्तर आपोआप घडी घेतं आणि फटीच्या कडा एकमेकांवर येतात. तसंच झालं. वरून कोलॅजनचा पापुद्रा ठेवला आणि तो खिडकीच्या कडेपर्यंत आणून छतासारखा टेकवला. फट एक सेंटिमीटरच्या पुढची असती तर ग्राफ्ट न घालताच टाके घालून काही महिन्यांनी परत आले असते. दाणे सायनसमध्ये सांडले तर रुग्णाच्या मागे जो त्रास लागतो, त्यापुढे काही महिन्यांचा उशीर काहीच नाही.

आराखडा बदलला तो इथे. उपदाढेच्या जागी ७ मिमी हाड अजूनही होतंच आणि इम्प्लांट तांत्रिकदृष्ट्या बसला असता. पण त्याचं टोक नेमकं दुरुस्त केलेल्या जागेखाली येणार होतं. कोलॅजन तिथे फक्त टेकलेलं होतं, शिवलेलं नव्हतं. त्याच्या खालची रक्ताची गुठळी पहिले काही आठवडे हलता कामा नये. मी दोन्ही इम्प्लांट पुढे ढकलले.

खिडकीच्या आसपासच्या भिंतीवरून खरवडणीने बाईंच्याच हाडाचा थोडा कीस काढला आणि गाईच्या हाडाच्या दाण्यांत मिसळला. आधी आतल्या भिंतीला टेकवून, मग तळाशी, शेवटी खिडकीकडे, असं मिळून दोन मिलिलिटरच्या आसपास भरलं. दाबून भरलं नाही. गच्च ठासलेल्या दाण्यांमधून रक्तवाहिन्यांना वाट मिळत नाही, आणि वरच्या अस्तरावर दाब पडून ते मरू शकतं. खिडकीवर कोलॅजन, हिरडीला ताण न येता टाके.

घरी पाळायच्या सूचना लिहून दिल्या. तीन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडं ठेवून येऊ द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही. विमानप्रवास टाळायचा. ॲलर्जीचा स्प्रे चालूच ठेवायचा. पहिले दोन दिवस नाकातून थोडं रक्त आलं, गालावर निळसर डाग पडला. दोन्ही अपेक्षित होतं. टाके काढताना जखम पूर्ण मिटलेली होती.

मधले महिने

या काळात आत काय घडतं, हे रुग्णाला समजावून सांगितलं तर तो थांबायला तयार होतो, असा माझा अनुभव आहे. दाण्यांच्या फटींत आधी रक्त गोठतं. त्या गुठळीत भिंतींच्या हाडातून नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि त्यांच्यासोबत हाड बनवणाऱ्या पेशी. त्या प्रथम घाईघाईने विणलेलं, विस्कळीत हाड घालतात आणि नंतर महिनोन् महिने ते मोडून थराथरांचं पक्कं हाड घालत राहतात. आघाडी भिंतीकडून मध्याकडे सरकते. मध्यभाग आणि वरचा, अस्तराजवळचा भाग सर्वांत शेवटी भरतो. अस्तरातल्या पेशीही हाड बनवतात का, यावर वाद आहे. प्रयोगशाळेत त्यांच्यात ती क्षमता दिसली आहे, पण रुग्णांमधल्या नमुन्यांत मोठा वाटा भिंतींचाच दिसतो आणि मी त्याच बाजूची आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा स्वीडनमधल्या लुंडग्रेन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली दिला. त्यांनी अस्तर उचललं, इम्प्लांटच्या टोकांवर ते तंबूसारखं तोललं, आणि आत काहीच भरलं नाही. फक्त रक्त. तरीही हाड तयार झालं. मग दाणे कशाला? कारण श्वासाच्या दाबाने अस्तर खाली बसतं आणि जागा आक्रसते. इम्प्लांटचा खांब नसेल, जसा इथे नव्हता, तर ती जागा दाण्यांनीच राखावी लागते. गाईच्या हाडाचे दाणे फार हळू विरघळतात, हा त्यांचा दोष मानला जातो. सायनसमध्ये तोच गुण ठरतो. पण त्यांच्यातली प्रथिनं काढलेली असल्याने पेशींना 'हाड बनवा' असा संदेश ते देऊ शकत नाहीत. हाडातली अशी संदेश देणारी क्षमता मार्शल युरिस्ट यांनी १९६५ मध्ये दाखवली, आणि त्यातलंच बीएमपी-२ हे प्रथिन कृत्रिमरीत्या बनवून सायनससाठी वापरायला अमेरिकेत २००७ साली मान्यता मिळाली. मी ते वापरलं नाही. रुग्णाच्या स्वतःच्या हाडाचा कीस आणि पुरेसा वेळ असेल, तर अशा प्रकरणात त्याची गरज मला वाटत नाही.

गाभ्यात काय दिसलं

सात महिन्यांनी स्कॅन केला. दाढेच्या जागी आता १३ मिमी उंची होती. स्कॅन पाहून बाई खूश झाल्या आणि मीही. पण स्कॅनवर फार विसंबू नये. गाईच्या हाडाचे दाणे क्ष-किरणात खऱ्या हाडाइतकेच, किंबहुना अधिक पांढरे दिसतात. १३ मिमी पांढरं म्हणजे १३ मिमी जिवंत हाड नव्हे.

म्हणून दाढेच्या जागी इम्प्लांटचं भोक साध्या ड्रिलऐवजी ट्रेफाइनने, म्हणजे नळीसारख्या पोकळ ड्रिलने, पाडलं. त्यातून निघालेला हाडाचा बारीक गाभा, बाईंच्या परवानगीने, सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला दिला. एरवी जे हाड ड्रिलबरोबर वाहून जातं, तेच तपासायला मिळतं; रुग्णाला त्यासाठी वेगळी जखम होत नाही.

खालचे तीन मिलिमीटर मूळ हाड होतं, थरांचं, पक्कं. त्याच्या लगेच वर दाण्यांना चहूबाजूंनी नव्या हाडाने घट्ट वेढलं होतं. एका दाण्यापासून दुसऱ्यापर्यंत हाडाचे पूल बांधले गेले होते आणि त्या पुलांच्या खोबणींत जिवंत पेशींची केंद्रकं स्पष्ट दिसत होती. दाण्यांमधल्या खोबणी मात्र रिकाम्या; ते हाड जिवंत नव्हतं, फक्त आधार देत होतं. वर जावं तसे पूल विरळ होत गेले. सर्वांत वरच्या भागात बरेच दाणे अजून मऊ संयोजी ऊतींमध्येच होते, कुठे कुठे नव्या हाडाची कोवळी किनार धरलेली. नव्याने तयार झालेल्या भागात जिवंत हाड सरासरीने पाव हिस्सा होतं. सात महिन्यांच्या मानाने हे उत्तम म्हणायचं. दाणे भरलेल्या सायनसमध्ये अर्ध्याहून अधिक भाग मज्जा, मऊ ऊती आणि दाणे यांचाच असतो, आणि तरीही इम्प्लांट टिकतात.

तीन महिन्यांनीच हा गाभा काढला असता तर मधल्या भागाचं चित्र आजच्या वरच्या भागासारखं असतं, असं मी मानते. त्यात इम्प्लांट घातला असता तर त्याचा बहुतेक भाग दाणे आणि मऊ ऊतींमध्ये उभा राहिला असता.

दोन्ही जागी १० मिमी लांबीचे इम्प्लांट बसले. दाढेच्या इम्प्लांटची स्थिरता कंपनांच्या मापनात शंभरपैकी ६८ आली, चार महिन्यांनी ७६. म्हणजे भोवतालचं हाड घट्ट होत गेलं होतं. मग स्क्रूने बसणारे दोन क्राउन, म्हणजे वरचे कृत्रिम दात, दिले, एकमेकांना जोडून. दातांवर घासल्याच्या खुणा असल्याने रात्री घालायची पट्टीही दिली. या टप्प्यात विशेष सांगण्यासारखं काही घडलं नाही.

दीड वर्षानंतर

क्राउन बसवून दीड वर्ष झालं. बाई उजव्या बाजूने चावतात, नाकाची तक्रार नाही, इम्प्लांटभोवतीची हिरडी निरोगी आहे. साध्या एक्स-रेमध्ये ग्राफ्टची वरची कड सुमारे मिलिमीटरभर खाली आलेली दिसते. हे बसणं पहिल्या एक-दोन वर्षांत होतंच. इम्प्लांटचं टोक अजून झाकलेलं आहे. दरवर्षी सीबीसीटी करायची गरज नाही, त्रास झाला तरच करायचा.

आता प्रश्न डाव्या बाजूचा आहे. नऊ वर्षं सगळा भार पेललेल्या वरच्या डाव्या पहिल्या दाढेला जुनी रूट कॅनल आहे आणि तिचं एक मूळ उभं तडकलंय. ती काढावीच लागेल. स्कॅनमध्ये सायनसचा तळ तिच्या मुळांच्या मध्ये खोलवर उतरलेला दिसतो, म्हणून ओढून न काढता तिन्ही मुळं वेगळी करून एकेक काढायची, मधलं हाड जपायचं, आणि त्याच दिवशी खड्ड्यात ग्राफ्ट भरून वरून कोलॅजन ठेवायचं, असं ठरलं आहे. त्याने हाडाची झीज पूर्ण थांबत नाही, पण बरीच कमी होते. चार-पाच महिन्यांनी स्कॅन करून पाहू. सात-आठ मिमी हाड राखता आलं, तर या बाजूला खिडकी करावी लागणार नाही; खालूनच थोडं अस्तर उचलून इम्प्लांट त्याच दिवशी बसेल.